हिरा, चित्रे आणि बार्शीची वाट

सोलापूरहून रात्री सुटणाऱ्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये काही प्रवासी लगेच ओळखू येतात. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली फाइल, सोबत एखादा नातेवाईक, डब्यात दोन दिवसांच्या भाकरी आणि चटणी. कुठे निघालात असे विचारले तर उत्तर एका शब्दाचे असते, ‘टाटाला’. सोलापूर, धाराशिव, लातूरच्या बोलण्यात ‘टाटा’ म्हणजे मोटार नव्हे की मीठ नव्हे. टाटा म्हणजे परळचे कर्करोग रुग्णालय. ‘त्यांना टाटाला नेलंय’ एवढे म्हटले की ऐकणाऱ्याला पुढचे सांगावे लागत नाही.

दादरला उतरून परळकडे जाणाऱ्या या माणसांपैकी फार थोडे जण आणखी काही किलोमीटर दक्षिणेला, काळा घोड्याजवळच्या घुमटाच्या वास्तूपर्यंत जात असतील. ते छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, म्हणजे पूर्वीचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम. तिथली युरोपीय चित्रे, चिनी आणि जपानी चिनी मातीची भांडी आणि जेडच्या वस्तू यांचा मोठा भाग ज्या घरातून आला, त्याच घराच्या पैशातून परळचे रुग्णालय उभे राहिले. एका कुटुंबाने आपली कलासंपत्ती आणि आपला पैसा असा दोन दिशांनी का दिला, आणि त्याचा धागा सोलापूर जिल्ह्यातील बार्शीपर्यंत कसा येतो, हे समजून घेण्यासारखे आहे. कारण या गोष्टीच्या शेवटी एक काम उरते आणि ते दात्यांचे नाही, आपल्या घरातले आहे.

दोन भाऊ, दोन संग्रह

जमशेटजी टाटा १९०४ मध्ये वारले. त्यांचे दोन मुलगे, थोरले दोराबजी आणि धाकटे रतनजी. दोघांनाही मूलबाळ नव्हते. दोघांनाही कलेचा शौक होता आणि दोघांनीही देशोदेशी फिरून वस्तू जमवल्या.

सर रतन टाटा हे केवळ संग्राहक नव्हते. दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांच्या लढ्यासाठी त्यांनी १९०९ मध्ये गांधीजींना २५ हजार रुपये पाठवले होते. पाटलीपुत्राच्या उत्खननाला त्यांनी पैसा पुरवला. गरिबी का निर्माण होते याचा अभ्यास व्हावा म्हणून लंडनच्या विद्यापीठात निधी दिला. १९१८ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचा संग्रह मुंबईच्या नव्या संग्रहालयाकडे आला. सर दोराबजींचा संग्रहही त्यांच्या निधनानंतर, १९३३ मध्ये, तिथेच पोहोचला.

या संग्रहालयाच्या इमारतीचा एक तपशील वैद्यकीय इतिहासात नोंदवण्यासारखा आहे. १९०५ मध्ये पायाभरणी झाली, १९१४ मध्ये बांधकाम पूर्ण झाले आणि तेवढ्यात पहिले महायुद्ध सुरू झाले. चित्रे लागण्याआधी त्या दालनांत खाटा लागल्या. युद्धातील जखमी सैनिकांचे रुग्णालय म्हणून ही वास्तू वापरली गेली आणि संग्रहालय म्हणून ती लोकांसाठी खुली झाली १९२२ मध्ये.

मुंबईला दानाची ही जोडी नवी नव्हती. त्याच्या कितीतरी आधी सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून १८४५ मध्ये रुग्णालय सुरू झाले आणि त्यांच्याच एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ मध्ये कलाशाळा. म्हणून आजही महाराष्ट्रात रुग्ण ‘जेजे’ला जातो आणि चित्रकार होऊ पाहणारा मुलगाही ‘जेजे’लाच जातो. नाव एक, दारे दोन.

मेहेरबाईंचा आजार

सर दोराबजींच्या पत्नी लेडी मेहेरबाई या मूळच्या भाभा घराण्यातल्या. शास्त्रज्ञ होमी भाभा यांच्या त्या आत्या. स्त्रीशिक्षण आणि बालविवाहबंदीसाठी त्यांनी काम केले. टेनिसही उत्तम खेळत. दोराबजींनी त्यांच्यासाठी ‘ज्युबिली’ नावाचा हिरा घेतला होता. त्याचे वजन सुमारे २४५ कॅरट, म्हणजे आजच्या कोहिनूरच्या दुपटीहून अधिक. १९२४ च्या सुमारास जमशेदपूरचा पोलाद कारखाना बुडण्याच्या बेतात आला, कामगारांचे पगार द्यायला पैसा नव्हता, तेव्हा दोराबजींनी आपली खासगी मालमत्ता आणि पत्नीचे दागिने बँकेकडे तारण ठेवून कर्ज उभे केले. कारखाना वाचला.

मेहेरबाई मात्र वाचल्या नाहीत. त्यांना ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग झाला. हाडांच्या मगजात रक्तपेशी तयार होतात. या आजारात तिथे अपरिपक्व पांढऱ्या पेशींची बेसुमार वाढ होते आणि त्या निरोगी पेशींची जागा बळकावतात. लाल पेशी कमी झाल्याने थकवा येतो, प्लेटलेट कमी झाल्याने रक्तस्राव होतो आणि पांढऱ्या पेशी संख्येने जास्त असूनही निकामी असल्याने साधा जंतुसंसर्गही जिवावर बेततो. १९३१ मध्ये या आजाराला आवर घालील असे प्रभावी औषध जगात कुठेच नव्हते. हिरा असलेले घर आणि झोपडी यांत त्या बाबतीत फरक नव्हता. जून १९३१ मध्ये वेल्समधील एका आरोग्यधामात, वयाच्या ५१ व्या वर्षी मेहेरबाई गेल्या.

दुसऱ्याच वर्षी दोराबजींनी दोन विश्वस्त निधी स्थापन केले. एक मेहेरबाईंच्या नावाचा, रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठी. त्यातून जगभरातील संशोधकांना मदत मिळावी अशी तरतूद होती. दुसरा त्यांच्या स्वतःच्या नावाचा, त्यात आपली जवळपास सगळी संपत्ती त्यांनी टाकली. जून १९३२ मध्ये, पत्नीच्या मृत्यूला वर्ष होत असतानाच, दोराबजींचेही जर्मनीत निधन झाले. ज्युबिली हिरा पुढे विकला गेला आणि त्याची रक्कम निधीत आली. त्याच निधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. सुरुवातीला ८० खाटा होत्या.

रक्ताच्या कर्करोगाचे पुढे काय झाले, हेही सांगायला हवे. रुग्णालय सुरू झाल्यानंतर सहा-सात वर्षांनी, अमेरिकेत सिडनी फार्बर या डॉक्टरांनी मुलांमधील ल्युकेमिया औषधाने तात्पुरता का होईना मागे हटवून दाखवला. ते औषध ज्या प्रयोगशाळेतून आले, तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातून गेलेले येल्लाप्रगड सुब्बराव. आज मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारच्या ल्युकेमियाची बहुसंख्य मुले, वेळेवर आणि पूर्ण उपचार मिळाल्यास, बरी होतात. सतत ताप, फिकटपणा, अंगावर निळसर डाग, हाडे दुखणे अशी लक्षणे मुलात दिसली तर साध्या रक्ततपासणीने पहिला संशय येऊ शकतो. ‘रक्ताचा कॅन्सर म्हणजे संपले’ हा १९३१ चा समज आज धरून बसण्याचे कारण नाही.

देणगी पुरत नाही, तेव्हा

कोणत्याही दानशूर कुटुंबाच्या गोष्टीत एक भाग सहसा सांगितला जात नाही. इमारत एकदा बांधावी लागते, पण ती रोज चालवावी लागते. भूल देणाऱ्याचा पगार, कापूस, सलाइन, वीज, यंत्रांची दुरुस्ती हा खर्च कधी संपत नाही. संग्रहालयाचेही तसेच. चित्र भेट देणारा एकदाच देतो. त्या चित्राला मुंबईच्या दमट हवेत बुरशी लागू नये म्हणून वर्षानुवर्षे कोणीतरी राबते.

टाटा रुग्णालय १९५७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ताब्यात घेतले आणि १९६२ मध्ये ते अणुऊर्जा विभागाकडे गेले. अनेकांना हे विचित्र वाटते. अणुशक्तीवाल्यांचा रुग्णालयाशी काय संबंध? संबंध किरणोपचारांचा होता. कर्करोगावर किरणोत्सर्गाचा उपयोग आणि त्यासाठी लागणारे तज्ज्ञ त्या विभागाकडे होते. विभागाचे प्रमुख होते होमी भाभा. म्हणजे आत्याच्या आजारातून उभे राहिलेले रुग्णालय भाच्याच्या विभागाकडे आले. भाभांनी १९४५ मध्ये दोराबजींच्या निधीच्याच मदतीने मूलभूत संशोधनाची संस्था सुरू केली होती आणि तिथे समकालीन भारतीय चित्रकारांची चित्रे विकत घेऊन भिंतींवर लावली होती. विज्ञान, वैद्यक आणि चित्रकला यांना वेगळे कप्पे करण्याची सवय या घराण्याला नव्हती.

म्हणून परळचे रुग्णालय आज चालते ते प्रामुख्याने सरकारी निधीवर, आणि त्याच्या जोडीला असंख्य लहानमोठ्या देणग्यांवर. सुरुवात दात्याने केली, सातत्य शासनाने दिले. या दोन्हींपैकी एकच गोष्ट असती, तर सिद्धेश्वर एक्स्प्रेसमधल्या त्या फाइलला पत्ता मिळाला नसता.

बार्शीतला प्रयोग

सोलापूरकरांच्या दृष्टीने या गोष्टीचा सर्वांत महत्त्वाचा भाग मुंबईत नाही, बार्शीत घडला. बार्शीत नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आहे. परळच्या तज्ज्ञांच्या सहकार्याने इथे १९८७ मध्ये भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतील गावागावांत जाऊन कोणाला कोणता कर्करोग झाला, हे नोंदवले जाऊ लागले. त्याआधी अशा नोंदी मोठ्या शहरांपुरत्या होत्या. नोंदीतून ठळकपणे पुढे आलेला आजार होता गर्भाशयमुखाचा कर्करोग. बायका रुग्णालयात यायच्या, पण फार उशिरा. अंगावर काढत, घरच्यांना न सांगता.

१९९९ मध्ये बार्शी, टाटा रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात एक मोठा अभ्यास हाती घेतला. त्याला पैसा दिला तोही एका कौटुंबिक संस्थेने, बिल आणि मेलिंडा गेट्स फाउंडेशनने. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ निरोगी स्त्रिया त्यात होत्या. गावांचे ५२ समूह करून चार गट पाडले गेले. एका गटात एचपीव्ही या विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पॅप तपासणी, तिसऱ्यात गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक आम्ल लावून नजरेने तपासणी आणि चौथ्या गटात नेहमीचीच आरोग्यसेवा. तपासणी एकदाच करायची आणि पुढे आठ वर्षे काय होते ते पाहायचे, असा आराखडा होता.

निष्कर्ष २००९ मध्ये जगातील अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकात आले. एचपीव्ही तपासणीच्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले; तपासणी न झालेल्या गटात ६४. पुढच्या टप्प्यात गेलेले कर्करोग ३९ विरुद्ध ८२. गट जवळपास सारख्या आकाराचे होते. म्हणजे आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू सुमारे निम्म्यावर आले. एकदाच केलेल्या इतर दोन तपासण्यांचा तितका परिणाम दिसला नाही. जगभरात आज एचपीव्ही तपासणीला जे प्राधान्य मिळाले आहे, त्यामागच्या मोठ्या पुराव्यांपैकी एक पुरावा या भागातल्या, शेतावर राबणाऱ्या बायकांनी दिला आहे. ही गोष्ट बार्शी आणि धाराशिवमध्येही अनेकांना ठाऊक नाही.

या अभ्यासावर टीकाही झाली. चौथ्या गटातील स्त्रियांना तपासणी न देता केवळ निरीक्षण करणे योग्य होते का, असा प्रश्न विचारला गेला. देशात त्या वेळी अशा तपासणीची कोणतीही संघटित व्यवस्था नव्हती आणि त्या गटाला मिळाली ती प्रचलित सेवाच होती, असे उत्तर दिले गेले. दोन्ही बाजू आपापल्या जागी राहतील; पण ते ६४ मृत्यू हे आकडे नव्हेत, माणसे होती, हे विसरता येणार नाही. त्यांच्या मृत्यूतून मिळालेले ज्ञान न वापरणे ही मात्र निश्चितच चूक ठरेल.

नजरेने करायची तपासणी निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नाही. टाटा रुग्णालयानेच मुंबईच्या वस्त्यांमध्ये दीड लाखांवर स्त्रियांचा अभ्यास केला. तिथे प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्तींनी ठरावीक अंतराने ही तपासणी पुन्हा पुन्हा केली आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. साधी तपासणीही, वेळोवेळी आणि नीट केली, तर जीव वाचवते.

आजार रोखता येणारा

गर्भाशयमुखाचा कर्करोग जवळजवळ नेहमी एचपीव्ही या विषाणूच्या दीर्घ संसर्गामुळे होतो. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो आणि अत्यंत सर्वसाधारण आहे. तो आढळला म्हणजे कोणाच्या चारित्र्यावर बोट ठेवण्याचे कारण नाही. बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत आपोआप जातो. काहींमध्ये तो टिकून राहतो, पेशींमध्ये बदल घडवतो आणि त्या बदलांचा कर्करोग व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षे किंवा अधिक काळ लागतो. एवढी मोठी मुदत देणारे कर्करोग थोडे आहेत. या काळात तपासणी झाली तर बदललेला भाग छोट्या उपचाराने काढून किंवा गोठवून टाकता येतो.

सुरुवातीला त्रास काहीच नसतो, म्हणून ‘मला काही होत नाही, मग तपासणी कशाला’ हा युक्तिवाद इथे चालत नाही. पुढील लक्षणे दिसल्यास मात्र एक दिवसही थांबू नये: पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसणे, दोन पाळ्यांच्या मधे किंवा संबंधानंतर रक्तस्राव, दुर्गंधीयुक्त पांढरे किंवा रक्तमिश्रित पाणी जाणे.

तीस वर्षांवरील स्त्रियांची गर्भाशयमुख, स्तन आणि तोंडाची तपासणी हा सरकारी आरोग्य कार्यक्रमाचा भाग आहे. आशा कार्यकर्ती किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात त्याची चौकशी करावी. तोंडाच्या तपासणीचे महत्त्व आपल्या जिल्ह्यात वेगळे सांगायला नको. मिशरी, तंबाखू आणि गुटखा घरोघरी आहे. तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम, तोंड कमी उघडणे याकडे दुर्लक्ष करू नये.

मुलींसाठी एचपीव्हीची लस आहे. पुण्यातील सीरम इन्स्टिट्यूटने भारतीय बनावटीची लसही आणली आहे. शरीरसंबंध सुरू होण्याआधीच्या वयात, साधारण ९ ते १४ वर्षांत, ती सर्वाधिक उपयोगी ठरते. मात्र लस घेतलेल्या मुलीनेही पुढे तिशीनंतर तपासणी करून घ्यायचीच असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ठेवलेले उद्दिष्ट असे: ९० टक्के मुलींना पंधरा वर्षांच्या आत लस, ७० टक्के स्त्रियांची पस्तिशीपर्यंत एकदा आणि पंचेचाळिशीपर्यंत पुन्हा दर्जेदार तपासणी आणि दोष आढळलेल्यांपैकी ९० टक्क्यांना उपचार.

चित्रे कशासाठी?

रुग्णालयाची गरज पटवून द्यावी लागत नाही; संग्रहालयाची लागते. ज्या देशात खाटा अपुऱ्या, तिथे चित्रांवर पैसा का, हा प्रश्न रास्त आहे. कलेने गाठ विरघळत नाही आणि तसा दावा कोणी केला तर त्यावर विश्वास ठेवू नये. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा घेऊन असे नोंदवले की चिंता कमी होणे, एकटेपणा घटणे, दीर्घ आजारात उमेद टिकणे यांत कलेची मदत होते. केमोथेरपीच्या दोन फेऱ्यांमधल्या रिकाम्या दुपारी रंगपेटी घेऊन बसलेले मूल पाहिले की वेगळा पुरावा फारसा लागत नाही. रोग बरा करणे आणि माणसाला सांभाळणे ही दोन कामे आहेत. एकाने दुसऱ्याची जागा घेऊ नये.

सोलापुरातही अशी एक वास्तू आहे. भैय्या चौकाजवळ डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे स्मारक आहे. चीनमध्ये रुग्णसेवा करता करता १९४२ मध्ये प्राण दिलेल्या या सोलापूरच्या डॉक्टरांचे घर आता लोकांना पाहता येते. शाळांनी मुलांना तिथे न्यावे. कोणाच्या तरी सेवेची आठवण जपणे हेही संग्रहालयाचेच काम आहे.

जवळची वाट

दोराबजींकडे २४५ कॅरटचा हिरा होता आणि पत्नीला वाचवायला औषध नव्हते. आज सोलापूर जिल्ह्यातल्या बाईकडे हिरा नाही, पण तिच्या आजाराला वेळेत गाठणारी तपासणी आहे आणि त्या तपासणीची उपयुक्तता तिच्याच शेजारच्या गावांत सिद्ध झाली आहे. तरीही अजून बायका उशिरा येतात. कधी लाज, कधी शेतातली सुगी, कधी ‘आधी पोराचं बघू’ म्हणून.

मुंबईची गाडी रात्रभर धावते. प्राथमिक आरोग्य केंद्र बहुतेक गावांपासून काही किलोमीटरवर आहे आणि बार्शी सोलापूरपासून सुमारे सत्तर किलोमीटर. घरातल्या तीस वर्षांवरील प्रत्येक स्त्रीला या महिन्यात एकदा विचारावे, ‘तुझी तपासणी झाली का?’ आई, सासू, बायको, वहिनी, स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी, सगळ्यांना. आणि झाली नसेल तर एक दिवस तिची शेतातली किंवा कारखान्यातली पाळी दुसऱ्या कोणी सांभाळून तिला घेऊन जावे. त्यासाठी कोणताही विश्वस्त निधी लागत नाही.